शालनताईंच्या गाडीतला आवाज

“अहो बाई, जरा गाडीत बसता का? थोडाच वेळ. बोलायचं मात्र नाही.”

शालनताई चुरी माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. रविवारची सकाळ होती आणि मी वसईजवळच्या गिरीज गावात केळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर पाय मोकळे करत होते. मागून येऊन एक गाडी माझ्याशेजारी थांबली. गडद हिरवी, बुटकी, दोनच माणसांची, डोक्यावर छप्पर नाही आणि चाकांना सायकलीसारख्या तारा. सिनेमातसुद्धा मी अशी गाडी फार वेळा पाहिली नव्हती. ती चालवत होत्या सत्तरीच्या एक बाई. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, केसांवर बांधलेला रुमाल आणि कपाळावर आठ्या.

अनोळखी गाडीत बसू नये हे मी पोरीबाळींना सांगणाऱ्यांपैकी. पण त्या बाईंचा चेहरा इतका गोंधळलेला होता की मी दार उघडून बसले. गाडी निर्मळच्या बाजूला निघाली. दोन्हीकडे केळी, मध्ये सरळ रस्ता. वेग वाढला तसा कुठून तरी एक आवाज उठला. नारळाच्या करवंटीत भुंगा अडकावा तसा. पायाच्या अंगठ्यापासून गुडघ्यापर्यंत जाणवला आणि वेग उतरल्यावर विरून गेला.

बाईंनी गाडी कडेला घेतली. “ऐकलंत?”

“हो.”

“कुठून आला?”

“मागून. म्हणजे, नाही, पुढून. खालून आला बहुतेक. मला वाटतं इंजिनात काहीतरी...”

“मत नको,” त्या म्हणाल्या. “आवाज सांगा.”

मी ओशाळले. मग त्यांनी विचारलं, “गाड्यांतलं काही कळतं का तुम्हाला?” मी म्हटलं, अजिबात नाही. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. “मग तुम्ही माझ्या कामाच्या. ज्यांना कळतं ते ऐकत नाहीत. आवाज व्हायच्या आत आजाराचं नाव सांगून मोकळे होतात.”

मी मूळची संगमेश्वरकडची. लग्नानंतर डोंबिवली आणि मग वसईत फ्लॅट, असा आमचा प्रवास. आठवडाभर अंधेरीच्या ऑफिसात आकड्यांशी झगडायचं आणि रविवारी गिरीजला येऊन हिरवं बघायचं, एवढाच माझा या गावाशी संबंध होता. त्या दिवसापासून तो वाढला. दर रविवारी सकाळी मी शालनताईंच्या वाडीत जाऊ लागले आणि गाडीत बसून गप्प राहू लागले. घरी विचारलं तर सांगायचे, “आवाज ऐकायला जाते.” नवरा बरेच दिवस हे देवाधर्माचं काहीतरी असेल असं धरून चालला होता.

ती गाडी शालनताईंच्या यजमानांची, मोरेश्वर चुरींची. डहाणूकडच्या एका चिकूवाडीत, बंद बंगल्याच्या आवारात ती गंजत पडली होती. परदेशात बनलेली, जुन्या काळातली शर्यतीची गाडी. मोरेश्वररावांनी ती टेम्पोत घालून आणली, वाडीतल्या झावळ्यांच्या पडवीखाली ठेवली आणि हौसेने सगळी उघडली. इंजिन एका पोत्यात, गिअरबॉक्स दुसऱ्यात, पत्रे भिंतीला टेकवलेले. उघडण्यातच वर्षं गेली, आणि जुळवायला घेण्याआधी ते गेले.

शालनताई तोवर त्या गाडीचा राग राग करत. केळीचे घड ठेवायची जागा तिने अडवली होती. पण यजमान गेल्यावर कोणीतरी भंगारवाल्याला घेऊन आलं, आणि ताईंनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. का पाठवलं ते त्यांनाही सांगता येत नसे. “उघडून ठेवायला पुरुष, मिटायला बायका,” एवढंच म्हणायच्या. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर दातेरी चक्रं तपासण्याचं काम केलेलं होतं. एखाद्या दात्याची झीज त्यांना बोटांच्या पेरांना कळे. तेव्हा गिअरबॉक्स त्यांनी स्वतःकडे घेतली आणि मागची बाजू, म्हणजे मागचा आस, ब्रेक, चाकं, हे सगळं इनासच्या अंगावर टाकलं.

इनास लोपीस हा मोरेश्वररावांचा जिवाचा मित्र. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला, अंगाने पेटाऱ्यासारखा भरलेला, बोटीच्या इंजिनावर वाढलेला आणि पुढे मोठ्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी केलेला. तो ताईंना ‘वहिनी’ म्हणायचा आणि ताई त्याला ‘इनासभाऊ’. दोघं मिळून कित्येक वर्षं त्या पडवीत खपले, आणि एक दिवस गाडी सुरू झाली. इनासने फाटकाशी नारळ फोडला आणि मग छातीवर क्रूस काढला. मी त्या दिवशी तिथे नव्हते. पण दोघांनीही मला तो प्रसंग इतक्या वेळा सांगितला की नारळाचं पाणी माझ्याच पायावर उडालं होतं असं मला वाटतं.

आणि मग, गाडी जरा पळू लागल्यावर, तो आवाज आला.

शालनताईंना सगळं जग वाजवून बघायची सवय होती. फणस सगळेच वाजवून घेतात. त्या भांड्यांच्या दुकानात पातेलीसुद्धा बोटाच्या सांध्याने ठोकून बघत आणि पसंत न पडल्यास दुकानदाराच्या तोंडावर म्हणत, “हिला आवाज नाही.” माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा पंख्याखाली उभ्या राहून त्यांनी वर पाहिलं आणि “याचं बेअरिंग बदला” असं सांगूनच चहाला बसल्या. मला त्यांनी आवाजाचे शब्द शिकवले. मी सगळ्याला घरघर म्हणायचे. त्या चिडायच्या. “घरघर कोरडी असते, बाय. गुरगुर ओली असते. खडखड म्हणजे काहीतरी सुटलंय आणि घुमतंय म्हणजे काहीतरी धरलंय. आपली गाडी काय करते?”

“घुमते,” मी विचार करून म्हणायचे.

“पुढे की मागे?”

इथेच माझी पंचाईत व्हायची. पहिल्या रविवारी आवाज स्पष्ट आला होता. दुसऱ्या रविवारी मी जीव कानात आणून बसले आणि काहीच आलं नाही. तोच रस्ता, तोच वेग, त्याच ताई. तिसऱ्यांदा पुसटसा आला, की आला असं मला वाटलं, कोण जाणे. एकदा मी पुढे म्हटलं तर ताईंचा चेहरा पडला. एकदा मागे म्हटलं तर ताई उजळल्या आणि मलाच शंका आली की यांना बरं वाटावं म्हणून तर आपण मागे म्हटलं नाही ना? कारण पुढची गिअरबॉक्स ताईंची होती आणि मागचा आस इनासचा. आवाज कुठून येतो या प्रश्नाचं उत्तर कोणाच्या तरी अंगावर जाणार होतं.

गंमत म्हणजे ताई एकट्या गाडी चालवत तेव्हा गाडी मुकाट चाले. इनास शेजारी बसला की घुमे.

“माझ्यावर रुसलीय ती?” इनास म्हणायचा. “वहिनी, एकटी असलीस का तू हळू चालवतेस. म्हनून ऐकू येत नाय.”

“मी काट्याकडे बघून चालवते, इनासभाऊ. वेग तोच असतो.”

“मग कानात कापूस घालत असशील.”

तेव्हा ठरलं की इनास चालवेल आणि मी शेजारी बसेन. गाडी दोनच माणसांची, त्यामुळे तिघांनी मिळून तो आवाज कधी ऐकलाच नाही. आमच्यातलं एक कायम रस्त्याच्या कडेला उभं. त्या दिवशी ताई भुईगावच्या फाट्याशी उभ्या होत्या. इनासने वेग घेतला आणि माझ्या पायाखाली करवंटीतला भुंगा असा पिसाळला की दाताला झिणझिण्या आल्या. परत आल्यावर मी तसं सांगितलं.

ताईंनी डोळे बारीक केले. “क्लचवर पाय ठेवून चालवलंत तुम्ही.”

“मी?” इनासचा आवाज चढला. “जहाज चालवलंय मी.”

“जहाजाला क्लच कुठे असतो?”

मी मधल्या मध्ये उभी. मला क्लच म्हणजे काय हेही नीट ठाऊक नव्हतं आणि माझ्या एका वाक्यावर दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायची बंद झाली होती.

पुढचे काही रविवार परीक्षेचे गेले. त्या दोघांची पद्धत मला हळूहळू समजू लागली. वेगात असताना गिअर काढून गाडी नुसती वाहू द्यायची. तरीही आवाज आला तर इंजिनाचा संबंध संपला. डावीउजवीकडे झोकांडी देऊन बघायचं. आवाज बदलला तर चाकाचं बेअरिंग. गाडी वाहत असतानाही ती घुमायची, झोकांडी दिल्याने बदलायची नाही. म्हणजे इंजिन सुटलं, चाकं सुटली. उरलं मधलं. मग त्यांनी गाडीचा मागचा आस लाकडी ठोकळ्यांवर टेकवून चाकं अधांतरी केली आणि पेडलवर वीट ठेवून गाडी जागच्या जागी पळवली. ताईंनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला लावलं आणि मूठ कानाशी धरली. इनासने तेच मागच्या लोखंडी गोळ्याला केलं, ज्यातल्या चक्रांमधून ताकद दोन्ही चाकांना वाटली जाते. चाकं भन्नाट फिरत होती. आवाज नाही. घासल्यापुसल्यासारखं स्वच्छ.

“बघितलंस? मागं काय नाय,” इनास म्हणाला.

“पुढेही काही नाही,” ताई म्हणाल्या.

“मग येतं कुठून? आभाळातून?”

ताई बराच वेळ गाडीखालीच राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा कपाळाला ग्रीस होतं. “आवाज होतो तिथेच ऐकू येतो असं नसतं,” त्या म्हणाल्या. “त्याला जिथे मोकळी जागा मिळते तिथे तो बोलतो.” हे त्या मला सांगत होत्या, पण बघत इनासकडे होत्या. त्याने त्यातून काय अर्थ काढला कोण जाणे. तो हात पुसत म्हणाला, “गिअरबॉक्स पुन्हा खोल, वहिनी. लाज कसली?”

ताईंनी खोलली. काही सापडलं नाही. मग इनासने नाराजीने मागचा गोळा उघडला. त्यातही काही सापडलं नाही. मग पुन्हा गिअरबॉक्स. प्रत्येक वेळी गाडी जोडून रस्त्यावर नेली की तेच. ताईंबरोबर मी असले की कधी आवाज असे, बहुतेकदा नसे. इनास असला की हमखास. मी रात्री भाजी चिरतानासुद्धा कान देऊन ऐकू लागले. मिक्सर, पाण्याची मोटर, शेजारच्यांची वॉशिंग मशीन, सगळं घुमत होतं. आपण ऐकतो ते खरं असतं का, या बाबतीत माझा स्वतःवरचा विश्वास त्या दिवसांत उडाला तो पुरता परत आला नाही.

एका रविवारी व्हायचं ते झालं. ताईंचे हात दुखत होते, इनासची कंबर धरली होती आणि गाडी नुकतीच पुन्हा घुमून परत आली होती. इनास बोनेटवर हात ठेवून म्हणाला, “मोरू असता तर असं झालं नसतं.”

ताई अगदी शांतपणे म्हणाल्या, “मोरू असता तर गाडी अजून पोत्यात असती.”

ते खरं होतं, म्हणूनच लागलं. इनासने भिंतीवरचा शर्ट काढला, अंगात घातला, बटणं लावली. सगळी लावली, अगदी गळ्याशीसुद्धा. “मी पन पोत्यातलाच समज,” म्हणाला आणि फाटकातून निघून गेला. त्यानंतर तो आला नाही.

मी ताईंना म्हटलं, फोन करा. त्या म्हणाल्या, “फोनवर काय सांगू? तुमची चूक नाही असं? मला ठाऊक नाही कोणाची आहे ते. माझी आहे असं? तेही ठाऊक नाही. खोटं बोलून बोलावलं तर तो माणूस परत येईल, पण माझ्याकडे बघणार नाही.” मला हे पटत नव्हतं. माणसं काय अशी गाडीसारखी दुरुस्त करायची असतात? आधी निदान आणि मग समेट? मी एकदा न राहवून म्हटलंही, “ताई, आवाज राहू द्या ना. माणूस तर हवा.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप घेऊन वाडीत निघून गेले.

पुढे बरेच महिने ताई एकट्याच गाडीखाली दिसायच्या. मी जायचे, पाना-पक्कड द्यायचे, कंदील धरल्यासारखा मोबाइलचा उजेड धरायचे. इनासचं नाव निघत नसे. त्याच्या बसण्याचा पत्र्याचा डबा मात्र कोणी हलवला नव्हता.

मग चर्चचा सण आला. ताईंच्या ओळखीतल्या एका घरी पाहुण्यांसाठी केळी हवी होती आणि नेमका त्या दिवशी टेम्पोवाला आला नाही. ताईंनी सरळ गाडी काढली. शेजारच्या सीटवर, पायांत, मागच्या डिकीत, मिळेल तिथे केळीचे घड भरले आणि एकट्या गास गावाच्या दिशेने निघाल्या. मी माझ्या घरी कपडे वाळत घालत होते. खाली हॉर्न वाजला. गॅलरीतून पाहिलं तर हिरवी गाडी, त्यात केळीच केळी, आणि त्यांच्यामधून वर काढलेला ताईंचा हात.

“वर्षा!” त्या खालूनच माझ्या नावाने ओरडल्या. आमची सगळी सोसायटी खिडकीत आली. “घडांनी आवाज केला!”

मी धावत खाली गेले. त्यांचा चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता. “अर्ध्या वाटेतून वळून आले. मी एकटी आहे. इनास नाही, तू नाहीस. तरी घुमली. अशी घुमली की बस! म्हणजे माणसाचा संबंध नाही. वजनाचा आहे.”

मला काहीच कळलं नाही. त्यांनी मग तिथेच, आमच्या वॉचमनच्या खुर्चीवर बसून मला समजावलं. पुढच्या गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत एक लांब लोखंडी शाफ्ट जातो, तोच ताकद मागे नेतो. गाडी हलकी असली की तो जवळजवळ सरळ असतो. वजन पडलं की मागची बाजू दबते आणि शाफ्ट तिरका होतो. तिरका झाला की घुमतो. ताई अंगाने काटकुळ्या, मीही तशीच. इनास भरलेला. “आणि पहिल्या रविवारी तू बसलीस तेव्हा आवाज आला, आठवतं? तेव्हा डिकीत हत्यारांची लोखंडी पेटी होती. नंतर मी ती काढून ठेवली. ठोकळ्यांवर गाडी रिकामीच होती, म्हणून ती गप्प.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तू खरंच सांगत होतीस, बाय. दर वेळी.”

इतके महिने मी स्वतःला वेंधळी समजत होते. वॉचमनसमोर माझे डोळे भरून आले.

केळी पोचवून आम्ही वाडीत परतलो. ताई गाडीखाली सरकल्या आणि मला शेजारी बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीचं पोट पाहिलं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी चिमटा होता, दोन बोटं ताठ धरल्यासारखा. “दोन्ही चिमटे एका रेषेत हवेत,” ताई म्हणाल्या. “बघ.” मी पाहिलं. पुढचा चिमटा सरळ उभा होता आणि मागचा किंचित कलला होता. मान वाकडी करून झोपलेल्या माणसासारखा. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एकात दुसरा सरकवून दाते जुळवायचे असतात. तो जुळवताना एक दाता चुकला होता. गिअरबॉक्स उघडताना आणि मागचा गोळा उघडताना तो कितीदा तरी काढून बाजूला ठेवला होता, पण अख्खाच. त्याचे दोन तुकडे वेगळे करून बघावेत हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. जो तो आपापल्या टोकाकडे बघत होता.

“कोणी जुळवला होता?” मी विचारलं.

उताण्या पडून ताई त्या कललेल्या चिमट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

“दोघांनी. मोरूचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. इनास इथे, तू आहेस तिथे, एक तुकडा धरून. मी इथे दुसरा धरून. आणि तो मोरूची खाडीतली गोष्ट सांगत होता. नायगावच्या खाडीत होडीवर उभं राहून मोरू भाषण करायला लागला आणि चपला तशाच होडीत ठेवून पाण्यात पडला ती. मी इतकी हसले, इतकी हसले की माझ्या हातातून सटकत होता तुकडा. मोरू गेल्यानंतर पहिल्यांदा हसले मी तेव्हा. तशीच हसत हसत ढकलला आत.”

मी म्हटलं, “चला, आत्ताच नीट करू. मी धरते एक टोक.”

“नाही,” ताई म्हणाल्या. “ज्यांनी चुकवलं त्यांनीच.”

संध्याकाळी आम्ही रिक्षाने पाचूबंदरला गेलो. इनास घराबाहेर जाळ्याच्या ढिगावर बसला होता. ताईंना बघून तो उठला नाही आणि ‘बस’ही म्हणाला नाही. ताई उभ्यानेच बोलल्या. गिअरबॉक्समध्ये दोष नाही, मागच्या आसातही नाही. शाफ्टचा एक दाता चुकलाय. आणि तो कोणत्या दिवशी चुकला तेही त्यांनी सांगितलं.

इनासने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “त्या दिवशी मी कोनती गोष्ट सांगत होतो?”

“खाडीतली. चपलांची.”

“चपलांची,” तो म्हणाला. “मग चुकनारच, वहिनी. ती गोष्ट सांगताना मी एकदा जहाजावर व्हॉल्व्ह उलटा बसवला होता.” आणि तो उठून घरात शर्ट घालायला गेला.

दुसऱ्या सकाळी मी ऑफिसला दांडी मारली. दोघं दोन बाजूंनी गाडीखाली शिरले. बाहेर दोन जोड्या पाय, एक काळेभोर जाड आणि एक पैंजणाच्या जुन्या वळांचे बारीक. आत कोणी गोष्ट सांगत नव्हतं. शाफ्टचे तुकडे वेगळे झाल्याचा आणि पुन्हा जुळल्याचा ‘खट्’ आला, तेवढाच. मग दोघं गाडीत बसून निघाले आणि मी फाटकाशी उभी राहिले. बराच वेळ गेला. काळजी वाटायला लागली तेव्हा गाडी वळणावर दिसली, आणि ती आलेली मला कानांनी कळलीच नाही.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय नाय ऐकू आलं,” इनास म्हणाला. त्याचा चेहरा मात्र काहीतरी हरवल्यासारखा होता. ताईंनी चावी काढली, गाडीवरून एकदा हात फिरवला आणि आत जाऊन कुकर लावला.

मला वाटलं होतं आता ही दोघं रविवारी रविवारी गाडी फिरवतील. पण थोड्याच दिवसांत ताईंनी ती जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या पुण्याच्या एका माणसाला देऊन टाकली. ट्रक आला, गाडी चढवली, दोर बांधले. ताई तोवर वाडीत केळीची पिलं काढत होत्या. मला राहवलं नाही. इतकं केलं ते कशासाठी, असं मी जवळजवळ भांडणाच्या सुरात विचारलं.

“ती मोरूची हौस होती,” त्या म्हणाल्या. “मी ती पुरी केली. आता माझी शोधायला नको?”

“तुमची कोणती?”

“तेच तर ठाऊक नाही ना, बाय.” आणि त्या खरंच गोंधळलेल्या दिसल्या, पहिल्या दिवशी रस्त्यावर दिसल्या होत्या त्याहूनही जास्त.

इनास रविवारी येतच राहिला. पडवीत आता केळीचे घड असत आणि त्यांच्यात बसून ते दोघं वाद घालत. पाऊस कधी येणार, निर्मळच्या जत्रेतली सुकी मासळी पूर्वी बरी होती की आता, असलं काहीही. मी जायचे, पण मला कोणी काही ऐकायला सांगत नसे.

ताई गेल्या त्या पुढच्या थंडीत, झोपेतच. निरोप मिळाला तेव्हा मी ऑफिसात होते. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. इनास पडवीच्या कडेला एकटा बसला होता. मी शेजारी बसले. तो म्हणाला, “तुला बोलली का ती? दिवाळीनंतर मी तिला होडीतून नेली होती. पुतन्याच्या. सगळा जन्म समुद्राशेजारी गेला आनि बाई कधी पान्यावर गेली नव्हती.”

मला ठाऊक नव्हतं. ताईंनी मला सांगितलं नव्हतं.

“मी म्हटलं, आता इंजिनाजवळ बसनार, हे का वाजतं, ते का वाजतं, डोकं खानार माझं. इंजिन जुनं आहे, बोंबलतं पन खूप.” त्याने नाक पुसलं. “तर ती सरळ पुढं गेली. नाळेवर, होडीच्या पार टोकाला. इंजिनाकडे पाठ करून बसली. अर्नाळ्याचा किल्ला आला, गेला. मी हाक मारली, वहिनी, उन्हात बसू नको. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाय.”